२६ मिमीचा रोटरी हॅमर : ९८० रुपयांच्या दुरुस्तीनंतरचे ११ महिने

गेल्या श्रावणात एकाच आठवड्यात माझी दोन मशीनं बंद पडली. आधी रोटरी हॅमर, म्हणजे काँक्रीटमध्ये ठोके मारत भोक पाडणारं मशीन, मग लोखंड कापायचा चार इंची ग्राइंडर. मी कोल्हापुरात वायरिंग आणि गच्चीवरच्या सोलरची कामं करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तेव्हापासून सोलरची कामं चांगलीच वाढली आहेत. हॅमर एक दिवस बंद राहिला तरी दोन माणसांची हजेरी अंगावर पडते. त्यामुळे दुरुस्ती की नवीन, हे घाईतच ठरवावं लागलं. हॅमर दुरुस्त केला, तो आजही रोज चालतोय. ग्राइंडरही दुरुस्त केला, तो तेवीस दिवसांत पुन्हा गेला आणि नवीन घ्यावा लागला. दोन्ही अनुभव सविस्तर लिहितोय, कारण त्या आठवड्यात मला हे सांगणारं कुणी भेटलं असतं तर फार बरं झालं असतं.

हॅमर ८०० वॅटचा, एसडीएस प्लस चकचा (चक म्हणजे भोक पाडणारं बिट जिथं बसतं ती जागा), सहा वर्षं वापरलेला. बिघाड असा की बिट फिरतंय, मोटरचा आवाज नेहमीसारखा, पण ठोका नाही. सोलरच्या स्ट्रक्चरला आम्ही १० मिमीचे केमिकल अँकर (भोकात चिकटवून पक्के करायचे बोल्ट) टाकतो, त्यासाठी स्लॅबमध्ये १२ मिमीचं, ९० मिमी खोल भोक लागतं. एरवी पाऊण मिनिटाच्या आत होणारं भोक त्या दिवशी चार मिनिटं झाली तरी अर्ध्यावरच अडकलेलं. माझ्याबरोबरचा पोरगा अंगाचा भार टाकून दाबत होता. बिटचं टोक निळं पडलं, तेव्हा मी त्याला थांबवलं.

सर्व्हिस सेंटरला नेलं. काउंटरवरच्या माणसानं मशीन चालू करून बघितलं आणि न उघडताच ४,८०० रुपयांचा अंदाज लिहून दिला: आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग), फील्ड (त्याभोवतीची न फिरणारी वाइंडिंग) आणि हॅमरिंगचा पूर्ण सेट. तेव्हा तशाच नवीन मशीनची किंमत ८,६०० होती. "सहा वर्षं झालीत, आता नवीनच घ्या," असं तो वर म्हणाला. मी जवळपास तयारही झालो होतो. पण मोटर ठणठणीत चालत असताना आर्मेचर कशाला बदलायचं, हे काही केल्या मनाला पटेना.

तसंच मशीन उचलून शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात एका जुन्या मेकॅनिकमामांकडे नेलं. त्यांना विचारलं, "मामा, किती खर्च येईल?" ते म्हणाले, "उघडल्याबिगर काय सांगू? बस हितं, तुझ्यासमोरच उघडतो."

समोर बसून बघितलं म्हणूनच पुढचं सगळं समजलं. पुढचे चार लांब स्क्रू काढून त्यांनी गिअरची पेटी बाहेर ओढली. आतली ग्रीस डांबरासारखी काळी झाली होती, बोटांत चोळली तर सिमेंटची कचकच लागत होती. या मशीनमध्ये ठोका हवेच्या दाबानं बसतो. मोटर वॉबल बेअरिंग (तिरकं डुलणारं बेअरिंग) फिरवते, ते पिस्टन मागेपुढे ढकलतं, पिस्टनच्या पोकळीत स्ट्रायकर नावाचा दंडगोल पोलादी तुकडा असतो, आणि पिस्टन व स्ट्रायकर यांच्यामध्ये कोंडलेली हवा त्या स्ट्रायकरला फेकते. स्ट्रायकर मधल्या बोल्टवर आदळतो, बोल्ट बिटच्या शेपटीवर. हवा कोंडून ठेवायचं काम करते स्ट्रायकरवरची एक रबरी ओ-रिंग. ती झिजली की हवा बाजूनं निसटते आणि स्ट्रायकर जागचा हलत नाही. मग माणूस वरून कितीही जोर लावो, काही उपयोग नाही.

आमची ओ-रिंग एका बाजूनं चपटी आणि चकचकीत झाली होती. मामांनी पिस्टनची हवेची छिद्रं बोटांनी दाबली आणि स्ट्रायकर ओढला, तो सहज हातात आला. मग नवी रिंग चढवून, तेल लावून तो पुन्हा आत बसवला, छिद्रं दाबून अर्धा इंच ओढला आणि सोडला. सप्पकन आत गेला. तो आवाज ऐकल्यावर मला आणखी पुरावा नको होता. "मोटर चांगली हाय तुझी. मारंना झालंय नुसतं," मामा म्हणाले. तरी त्यांनी चाचणीचा सिरीज बल्ब लावून आर्मेचर बॉडीला शॉर्ट आहे का ते तपासलं, कॉम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) पुसून बघितला. मागचं ६०७ नंबरचं बेअरिंग खरखरत होतं, तेही बदलायचं ठरलं.

बिल असं झालं: ओ-रिंगांचा सेट १६०, बेअरिंग ९०, कार्बनची (कॉम्युटेटरला वीज पोचवणाऱ्या ब्रशांची) जोडी १२०, हॅमरची ग्रीस ११०, मजुरी ५००. एकूण ९८०. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं घेतलं, कारण आमच्या कामात धूळ फार. ग्रीस मात्र मामांनी ठासून भरू दिली नाही, जास्त झाली तर मशीन तापतं आणि ठोकाही मंदावतो म्हणाले. नवे कार्बन कॉम्युटेटरच्या गोलाईवर नीट बसावेत म्हणून दहा मिनिटं मशीन मोकळं चालवलं. आणि एक गोष्ट त्यांनी मला स्वतःहून करून दाखवली, ती म्हणजे क्लचची तपासणी. बिट स्लॅबमधल्या सळीत अडकलं तर क्लच घसरलाच पाहिजे, नाहीतर मशीन फिरतं आणि मनगट जातं. जुनं मशीन वापरणाऱ्या प्रत्येकानं हे बघून घ्यावं, ही माझी हात जोडून विनंती. क्लच न घसरता धरूनच बसत असेल तर पैशाचा हिशेब बाजूला ठेवा आणि ते मशीन कामावर नेऊ नका.

त्यानंतर आजपर्यंत साठेक साइट झाल्या. साधारण तीन किलोवॅटच्या स्ट्रक्चरला सहा पाय आणि प्रत्येक पायाला चार भोकं, म्हणजे चौदाशेच्या वर भोकं झाली, वायरिंगची वेगळी. ठोका पहिल्या दिवसासारखाच आहे. आता दर भोकाला साधारण अर्धं मिनिट लागतं. तिसऱ्या महिन्यात चकच्या तोंडाची रबरी टोपी फाटली, ती ६० रुपयांत बदलली. ही टोपी छोटी दिसते, पण छताला खालून भोक मारताना सगळी धूळ सरळ चकमध्ये उतरते आणि ती अडवायला तेवढीच असते. आता दर वेळी बिटची शेपटी पुसून, बोटभर ग्रीस लावूनच आत घालतो. पूर्वी हे कधीच करत नव्हतो.

सातव्या महिन्यात एक चूक माझ्याकडून झाली. गावाकडच्या कामावर कार्बन संपले आणि तिथल्या दुकानात ३० रुपयांची जोडी मिळाली, ती टाकली. चार दिवसांत कॉम्युटेटरभोवती ठिणग्यांचं गोल कडं दिसायला लागलं आणि कॉम्युटेटर काळा पडला. माझ्या मशीनच्या मूळ कार्बनमध्ये एक स्प्रिंगची पिन असते. कार्बन ठराविक लांबीपर्यंत झिजला की ती पिन कार्बन उचलून मशीन बंद पाडते, त्यामुळे कॉम्युटेटर वाचतो. स्वस्तातल्या जोडीत ती पिनच नव्हती. मूळ जोडी परत टाकली आणि काळेपणा झिरो पेपरनं (बारीक घासकागदानं) काढला. नव्वद रुपये वाचवायला मी आख्खं आर्मेचर पणाला लावलं होतं, याची अजून खंत वाटते.

आता ग्राइंडर. तो ८५० वॅटचा, मिनिटाला ११,००० फेऱ्यांचा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं. अशा वेळी मोटर मंद फिरते, तिचा पंखाही मंद फिरतो, आणि कटिंग होत नाही म्हणून आपण आणखी दाबतो. शिवाय लोखंडाचा कीस हवेच्या खाचांतून आत ओढला जातो आणि वाइंडिंगचा वार्निश खरवडतो. आमच्या ग्राइंडरमधून आधी जळका वास आला, मग धूर. आर्मेचर गेलेलं. मी ७०० रुपयांत ते रिवाइंड करून, म्हणजे नवी तार भरून घेतलं. मशीन चालू झालं, पण हाताला झिणझिण्या येत होत्या. कारखान्यातलं आर्मेचर तोल साधून आलेलं असतं, हातानं भरलेल्या तारेत तो तोल साधणं अवघड. फेऱ्या जितक्या जास्त, तितका थोडासा असमतोलही झोडपतो, आणि ग्राइंडरइतक्या फेऱ्या आमच्या दुसऱ्या कुठल्याच मशीनला नाहीत. तेविसाव्या दिवशी बेअरिंग गेलं, त्यापाठोपाठ कॉम्युटेटरच्या पट्ट्या उखडल्या. उघडून बघितलं तर फील्डही काळी आणि गिअरचे दात खाल्लेले. सगळं मिळून २,४०० चा खर्च होता, नवीन ३,३०० ला मिळत होता. नवीन घेतला. ते ७०० रुपये पाण्यात गेले.

म्हणजे माझ्यापुरतं उत्तर मशीनच्या वयात किंवा किमतीत नव्हतं. हॅमरमध्ये ओ-रिंग आणि एक बेअरिंग एवढंच झिजलं होतं, बाकी सगळं निरोगी होतं. ग्राइंडरमध्ये उष्णता सगळीकडे पसरली होती, तिथं एक भाग बदलून पुढचा भाग मरणारच होता. हे उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून कुठल्याही दुकानात पहिला प्रश्न 'किती?' हा विचारू नका, 'समोर उघडाल का?' हे विचारा. जळका वास आला असेल तर ते आधी सांगा, लपवू नका.

बॅटरीवरच्या ब्रशलेस हॅमरचाही विचार केला होता. गच्चीवर प्लग नसतो तिथं तो सोयीचा आहे, कार्बनची कटकट नाही. पण त्यातलं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर आमचे मामा काही करू शकत नाहीत, आणि दोन बॅटऱ्यांसह तो माझ्या आवाक्याबाहेर गेला.

केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. पॉवर टूल्सचं नाव वेगळं घेतलेलं नाही. ते घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ई-कचऱ्याच्या १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांच्या यादीत विजेवरची हत्यारं आहेत. टाकून दिलेलं मशीन कचरा म्हणून मोजलं जातं, मग ते टाकावं लागू नये म्हणून सुट्या भागांची यादी, किंमत आणि आतली आकृती आमच्यासारख्यांना उघडपणे मिळाली पाहिजे. १६० रुपयांचा रबराचा सेट कुठं मिळतो हे माहीत नसल्यामुळे ८,६०० चं मशीन घेणारे माझ्या ओळखीचेच चार जण आहेत.

जुना ग्राइंडर मामांकडेच दिला, त्याचा स्विच दुसऱ्याच्या कामी आला. हॅमरच्या पुढच्या सीलमधून गेल्या पंधरवड्यापासून थोडी ग्रीस झिरपतेय, बिट काढलं की बोटाला लागते. पुढच्या सोमवारी कागलचं काम संपलं की सील आणि ओ-रिंग दोन्ही एकदमच बदलून घेणार आहे.