खारीक मिळाली, पण ती नाही

रविवार पेठेतल्या या सुकामेव्याच्या दुकानात मी सासूबाईंचं बोट धरून आले, ती अजून येतेच आहे. परवा सुनेच्या डिंकाच्या लाडवांसाठी खारीक घेतली. गर जाड, कीड नाही, वजन चोख. पण पूर्वीची ती गोडी नाही. विचारलं तर मालक म्हणाले, "काकू, ती सिंधची. विसरा आता."

पुलवामानंतर, 2019 च्या फेब्रुवारीत, आपण पाकिस्तानी मालावर 200 टक्के शुल्क लावलं. ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापारच थांबवला. तरी माल दुबईमार्गे, दुसऱ्याच देशाच्या नावाने यायचा. मे 2025 मध्ये सरकारने तीही वाट बंद केली. आमचं एकादशीचं सैंधव खेवड्याच्या खाणीतलं, म्हणजे तेही तिकडचंच! इथे गुलाबी खडे अजून दिसले. "जुना साठा" म्हणे. असेल बाई, मिठाला काय होतंय!

आमचे हे लगेच क्यूबावर घसरले. अमेरिकेने 1962 मध्ये व्यापारबंदी केली, 1992 पासून संयुक्त राष्ट्रांची आमसभा तिच्याविरुद्ध ठराव करतेय, आणि तिथले सत्ताधीश फिडेल कास्त्रो तरीही 2008 पर्यंत खुर्चीत. झळ बसली ती रांगेतल्या माणसांना. पुलवामा मीही विसरलेले नाही. पण खारीक पिकवणाऱ्याने तिचं आता काय केलं असेल, हे मनात आलंच.

चार तारे. पाचवा कापला, कारण पावती मागितली की गल्ल्यावरच्या मुलाचं तोंड वाकडं होतं.