इलेक्ट्रॉनिक तानपुरा : अकरा महिन्यांनंतर, आणि त्या एका नॉबबद्दल

मंगळवारी कुरियरवाला दुसऱ्यांदा तोच खोका घेऊन दारात आला. आत माझा इलेक्ट्रॉनिक तानपुरा, म्हणजे गाताना मागे सतत सूर धरून ठेवणारं मशीन, आणि त्यावर चिकटवलेला कागद : 'टेस्टेड ओके'. अॅडॉप्टर लावला, पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी चार केली (हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून ही नावं), सूर बारीक वर-खाली करणारा फाइन ट्यूनचा नॉब माझ्या खुणेवर आणला आणि सूर आकड्यात दाखवणारा फोनवरचा ट्यूनर समोर ठेवून पाच मिनिटं बसले. २०२ हर्ट्झला (सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा वाढला की सूर वर) लावलेला सा पाचव्या मिनिटाला २०६ दाखवत होता. काहीही दुरुस्त झालं नव्हतं. मशीन दीड महिना माझ्याकडे नव्हतं, जाण्यायेण्याचं कुरियर मी भरलं, आणि सा जागेवर थांबत नव्हताच. त्याच रागात लिहायला बसले आहे.

मशीनमध्ये काय काय असतं ते इथल्या गाणाऱ्यांना सांगायला नको. पहिली तार पंचम, मध्यम की निषादाला लावायची ते बटण, वेग, आवाज, सगळं नेहमीचं आहे आणि नीट चालतं. ६,४०० रुपयांना घेतला. तक्रार आहे ती एका नॉबची, पण ती एवढी का लागली ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

माझ्याकडे मिरजेचा खरा, तारांचा तानपुरा होता. १९९१ साली गाण्याच्या विशारद परीक्षेआधी बाबांनी घेऊन दिला होता. लग्नानंतर डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये त्याला जागाच नव्हती, म्हणून तो सांगलीला माहेरीच राहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या आमच्या घरात माणसं वरच्या मजल्यावर गेली, तानपुरा खालच्या खोलीत कोपऱ्यात उभाच राहिला. पाणी ओसरल्यावर भावाने तो उन्हात ठेवला, बिचाऱ्याला वाटलं वाळेल. तानपुऱ्याच्या तळाच्या भोपळ्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली. मिरजेत कारागिराकडे नेला तेव्हा त्यांनी बोटाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "दांडी चांगली आहे ताई, भोपळा गेला." भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, मनासारखा मापाचा मिळायला वेळ लागेल, मग जोडणी, पॉलिश, तारा, जवारी (तारा गुंजाव्यात म्हणून घोडी बारीक घासणं). त्या वर्षी घराच्या भिंतीच उभ्या करायच्या होत्या. तानपुरा राहिला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळाल्याची बातमी वाचली तेव्हा मला ती दांडी आठवली. अजून भावाच्या माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेली आहे.

मग गेल्या वर्षी मार्चमध्ये माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्राच्या नसा त्या ग्रंथीला अगदी चिकटून जातात, हे मला ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. तरी शुद्धीवर आल्यावर स्वतःचा आवाज ऐकला तो धक्का वेगळाच होता. नुसती हवा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून दाखवलं, डावी स्वरतंतू नीट हलत नव्हती. नस दुखावली आहे, तुटलेली नाही, सहा महिने ते वर्षभरात बराच आवाज परत येतो, स्पीच थेरपी चालू ठेवा, असं म्हणाले. माझी पट्टी काळी पाच. आयुष्यभर तीच. ऑपरेशननंतर पहिल्यांदा सा लागला तो पांढरी चारला, म्हणजे २३३ हर्ट्झवरून १७५ वर. आणि तोही दहा सेकंद टिकत नव्हता. घरी शिकायला येणाऱ्या सात मुलींना मी दुसरीकडे पाठवलं.

मे महिन्यात हा तानपुरा घेतला तो अशा अवस्थेत. आणि इथे त्याचं मनापासून कौतुक करते. काळी पाचच्या तारा चढवलेला खरा तानपुरा पांढरी चारपर्यंत उतरवला तर तारा सैल पडतात, जवारी बोलत नाही, तारांचा संचच बदलावा लागतो. माझी पट्टी तर दर पंधरा दिवसांनी बदलत होती. मशीनवर एक बटण फिरवलं की झालं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फाइन ट्यून. माझा आवाज परत येत होता तो पट्ट्यांच्या हिशोबाने येत नव्हता. जूनमध्ये तो पांढरी चार आणि काळी तीनच्या मध्येच कुठेतरी बसायचा. बरा वाटेल तिथे तो नॉब फिरवायचा, डोळे मिटायचे आणि सा लावायचा. कुठल्याही पट्टीला नाव नसलेली ती जागा, पण त्या दिवशीची माझी. चौतीस वर्षांत असा सा मी कधी शोधला नव्हता. गुरुजींनी सांगितली ती काळी पाच, आणि पुढे तेच.

आवाजाबद्दल माझं मत दोनदा बदललं. सुरुवातीला मला हा तानपुरा पत्र्याचा वाटला. जोड, म्हणजे मधल्या दोन तारांचा सा, बरा वाजायचा पण खर्ज, म्हणजे शेवटच्या तारेचा खालचा सा, नावालाच, कारण आतला स्पीकर तळहाताएवढा. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा ग, म्हणजे स्वयंभू गंधार, ऐकायची मला सवय. हार्मोनियमवरच्या गंधारापेक्षा तो जरासा उतरलेला असतो, साधारण १४ सेंट (अर्धा सूर म्हणजे १०० सेंट), आणि कान तिथे जाऊन बसला की बाकीचे सूर आपोआप जागेवर येतात. तो गंधार मशीनमध्ये शोधूनही सापडत नव्हता. मग जुलैमध्ये नवऱ्याने माळ्यावरचा जुना म्युझिक सिस्टिमचा स्पीकर काढला आणि मागच्या पिनमध्ये जोडून दिला. खर्ज खाली भरला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनाला गंधार आला. हलका, पण आला. मी स्वयंपाकघरात होते, गॅस बंद करून बाहेर येऊन बसले. ज्यांनी हे मशीन घेतलं आहे आणि नाराज आहेत त्यांनी आधी बाहेरचा स्पीकर लावून पाहावा. फोनवरची अॅप काहींना पुरतात, मला नाही. रियाजात मध्येच फोन वाजला की तानपुरा थांबतो आणि धरलेला सूर हातातून जातो.

आता नॉब.

सप्टेंबरपासून माझा सा पांढरी पाच आणि काळी चारच्या बरोब्बर मध्ये बसायला लागला. पट्टी काळी चारवर आणि नॉब जवळजवळ पूर्ण खाली, तिथे मी नेलपॉलिशचा ठिपका लावला. २०२. ऑक्टोबरमध्ये असं व्हायला लागलं की पहिली पाच मिनिटं छान जायची आणि मग मी उतरायला लागायचे. सा लावावा तर खाली. जोर लावावा तर घसा दुखायचा. स्पीच थेरपिस्टने बजावलं होतं की ताण द्यायचा नाही. मी थांबायचे, पाणी प्यायचे, परत बसायचे, परत उतरायचे. नस बरी व्हायची ती एवढीच झाली, आता यापुढे नाही, असं मी धरून चालले. दिवाळीत एका जुन्या विद्यार्थिनीने फोन केला, "परत कधी यायचं?" मी तिला सांगितलं, येऊ नकोस. नोव्हेंबरात आठ-आठ दिवस मशीन लावलंच नाही.

डिसेंबरात भाची आली होती. ती गिटार वाजवते, तिच्या फोनवर ट्यूनर होता. मी गात असताना तिने सहज फोन तानपुऱ्याजवळ धरला आणि म्हणाली, "मावशी, तू २०२ वरच आहेस गं. हाच वर चाललाय."

दोन महिने मी माझ्या गळ्याला दोष देत होते, आणि सरकत होता तो तानपुरा. मिनिटाला जेमतेम एक हर्ट्झ, म्हणजे कानाला कळणारही नाही अशा बेताने. ज्याचा आवाज धडधाकट आहे तो नकळत त्याच्याबरोबर वर जाईल, त्याला पत्ताही लागणार नाही. माझ्या गळ्यात तेवढी जागाच नव्हती. म्हणून मला हा दोष बारीक वाटत नाही. तानपुऱ्याचं काम एकच, जागा न सोडणं.

सेवा केंद्राची कथा थोडक्यात. वॉरंटी वर्षाची, पण "नॉब हा हाताळणीचा भाग आहे मॅडम, तो वॉरंटीत येत नाही." मग पाठवून द्या, बघतो. मशीन परराज्यात, कुरियर ५४० रुपये. तीन आठवड्यांनी परत, टेस्टेड ओके. मी व्हिडिओ काढून पाठवला, शेजारी ट्यूनर. उत्तर आलं की चार हर्ट्झचा फरक 'सामान्य' आहे. सामान्य! काळी चारपाशी चार हर्ट्झ म्हणजे अर्ध्या सुराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पूर्ण बोर्ड बदलायचा असेल तर २,४०० भरा, असंही लिहिलं होतं. मी पैसे भरायला नकार दिला, दुसऱ्यांदा पाठवलं, पुन्हा ५४०, आणि मंगळवारी ते तसंच परत आलं.

इथवर लिहून ठेवलं होतं. मध्ये तीन आठवडे गेले आणि आता काही गोष्टी बदलून लिहायला हव्यात.

डोंबिवली पूर्वेला स्टेशनजवळच्या गल्लीत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. दुकान म्हणजे एक टेबल आणि मागे जुन्या रेडिओंची भिंत. वॉरंटी तशीही संपत आली होती, म्हणून मशीन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चार स्क्रू काढले, नॉबच्या मागचा भाग सोडवला आणि त्याची पाठ उघडून मला भिंगाखाली दाखवला. काळ्या कार्बनची घोड्याच्या नालेसारखी पट्टी, आणि तिच्यावर फिरणारा पत्र्याचा छोटा काटा. पट्टीच्या एका टोकाला, बरोब्बर माझ्या खुणेच्या जागी, कार्बन घासून तपकिरी झाला होता. "ताई, तुम्ही रोज इथेच थोडं इकडे थोडं तिकडे करता. त्यात स्पीकर बाजूलाच, तो थरथरतो, काटा हलतो. हा भाग दहा-वीस रुपयांचा आहे." मी विचारलं, चांगला नाही का मिळत? ते म्हणाले, दहा फेऱ्यांचा मिळतो, मोजमापाच्या यंत्रांत लावतात, पण भोक मोठं करावं लागेल. मी म्हटलं, करा. भाग आणि मजुरी धरून ३५० रुपये.

आता तो नॉब दहा वेळा फिरतो. आधी केसभर हलवला की सा उडी मारायचा, आता पाव फेरीत सूर जेमतेम सरकतो. अर्धा तास ट्यूनर लावून बसले. २०२ ते २०२.

तरीही एक थरथर राहिली होती. सेकंदाला दोन, अगदी मंद, सा लांब धरला की जाणवायची. पुन्हा माझा हात गळ्याकडे गेला. पण आता मी शहाणी झाले होते, तशीच उठून मशीन घेऊन काकांकडे गेले. त्यांनी अॅडॉप्टर पाहिला. मूळचा जानेवारीत जळाला होता, हा मी बाजारातून २५० रुपयांना आणलेला. त्यांनी तो काढून बॅटरीवर मशीन चालवलं आणि थरथर गेली. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त अॅडॉप्टर तिची १०० आणि २०० ची घरघर आत सोडतो. जवळजवळ सारखे दोन सूर एकत्र वाजले की त्यांच्यातल्या फरकाएवढे ठोके पडतात : २०० ची घरघर आणि २०२ चा माझा सा, सेकंदाला दोन ठोके. माझा सा नेमका या जागी नसता तर ही थरथर अशी जाणवली नसती. काकांनी त्यांच्याकडचा जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला अॅडॉप्टर गाळणी वाढवून दिला, १५० रुपये.

म्हणजे वर रागाने लिहिलं त्यात एवढी दुरुस्ती : मशीन वाईट नाही. आतला तानपुऱ्याचा आवाज ज्याने भरला त्याला सूर कळतो. नॉब आणि अॅडॉप्टर ज्याने निवडले त्याने पन्नास-शंभर रुपये वाचवले. सेवा केंद्राबद्दलचं मत मात्र तेच आहे, त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. नवीन घेणाऱ्याने दुकानातच अर्धा तास ट्यूनर लावून बसावं, दुकानदार कितीही घाई करो. आणि ज्यांचा आवाज आजारातून उठतो आहे त्यांनी सा डगमगला तर आधी मशीन तपासावं, मग गळा.

मुलींपैकी दोघी गेल्या शनिवारपासून परत येतात. त्या काळी चारला गातात, त्यांच्यासाठी नॉब मधोमध आणावा लागतो, पाच फेऱ्या वर. त्या गेल्या की मी फेऱ्या मोजत परत माझ्या जागेवर येते. या आठवड्यात परत येताना पूर्ण खाली यावं लागलं नाही. अडीच फेऱ्या वरच थांबले. २०५.