सागावरच्या अळीसाठी ट्रायकोकार्ड : एकट्यानं लावू नका

आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अन् मागच्या पडीक वावरात मिळून सागाची चारशेक झाडं आहेत, आठ वर्षांची. दरवर्षी जूनमध्ये नवी पालवी फुटली की अळी येते अन् पाहता पाहता पानाच्या नुसत्या शिरा उरतात, पावसाळा सरता सरता दुसरी अळी येते, तिनं खाल्लेलं पान उन्हात धरलं तर चाळणीच दिसते. झाड मरत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण केरळच्या वन संशोधन संस्थेनं निलांबूरला मोजलं होतं, कोवळ्या लागवडीत लाकडाची 44 टक्के वाढ ह्या पहिल्या अळीपायी बुडाली. निम्म्याला थोडीच कमी!

फवारणी मी करणार नाही. वीस फूट वर फवारा मारला की औषध आपल्याच तोंडावर येतं, अन् 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस फवारताना विषबाधेनं किती कास्तकार गेले ते विसरता येत नाही.

म्हणून तालुक्यातल्या एका लॅबमधून ट्रायकोकार्ड घेऊन राहिलो. कार्डावर काळी बारीक अंडी असतात, त्यातून टिंबाएवढी गांधीलमाशी निघते अन् अळीच्या पतंगाच्या अंड्यात आपली अंडी घालते, म्हणजे अळी जन्मालाच येत नाही. अळी निघाल्यावर मात्र कार्डाचा उपयोग शून्य. संध्याकाळी पट्ट्या कापून पानाच्या खालून स्टेपल करा, वरून लावलं तर पाऊस धुऊन नेतो अन् मुंग्याही अंडी पळवतात. कार्डावरच्या माशीची जात विचारून घ्या, जबलपूरच्या वन संशोधन संस्थेनं सागासाठी ट्रायकोग्रामा राओई ह्या जातीवर काम केलेलं आहे.

पहिल्या वर्षी एकट्यानं लावले, पैसे गेले. पतंग शेजारच्या वावरातून अन् जंगलातून उडून येतो, त्याला धुरा काय माहीत! मागच्या वर्षी आम्ही सात जण झालो, आमच्या भागातल्या जंगलाच्या वनरक्षकालाही व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं, जंगलात पतंग दिसले की तो फोटो टाकतो अन् त्याच आठवड्यात सगळ्यांचे कार्ड लागतात. तेव्हा फरक पडला, ऑगस्टात झाडं हिरवीगार होती, खाल्लेली पानं होती पण शोधावी लागत.

तक्रार एकच पण मोठी. एक लॉट एसटीतून उन्हात आला, उघडला तर माश्या पाकिटातच निघून मेलेल्या, पाकिटावर कधी निघणार ती तारीखच नव्हती. लॅबवाल्यांनी पैसे परत दिले, पण गेलेला आठवडा कुठून आणायचा?

कार्डाला पाचपैकी साडेतीन गुण. यंदा ऑर्डर मे अखेरीलाच देऊन राहिलो, नाल्यापलीकडचे दोघं तयार झाले तर नऊ जण होऊ.