इंजिन वॉशच्या नावाखाली १३,६१९ रुपयांना गंडा: कोल्हापूरकरांनो, बॉनेट उघडू देण्याआधी वाचा

एका गाडीमालकाकडून घेतलेले पैसे बघा. इंजिन वॉश आणि ‘लॅकर कोटिंग’चे (चकाकीचा पारदर्शक थर) १,३९९ रुपये. त्याच वॉशने बंद पाडलेली गाडी ‘दुरुस्त’ करायचे १२,२२० रुपये. एकूण १३,६१९! धंद्याची रीत ठाऊक असेलच: पाणी मारणारा एक, बिघाड सांगणारा शेजारच्या शटरमधला दुसरा, आणि दोघांचा गल्ला एकच.

घाटातली लाल माती आणि ऊस हंगामातली धूळ यांचा बॉनेटखाली थर बसतोच, तो काढून घेणं ही काही चैन नव्हे. पण या वॉशवाल्यांनी रेडिएटरचा फॅन अजून फिरत असताना बॉनेट उघडलं आणि सरळ प्रेशर गन लावली. बॅटरीची निगेटिव्ह काढली नाही. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड, कशावरच साधी प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा बांधली नाही. फवाऱ्याला वास रॉकेलचा. रॉकेल-डिझेलने चकाकी येते, पण रबरी पाईप आणि बेल्ट फुगतात, आणि तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा पाईप) पडलं तर पेट घेऊ शकतं. बेल्टवर पॉलिश उडालं की तो घसरून किंचाळतो, ते वेगळंच.

गाडी सुरू केली तर मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही), चेक इंजिन लाईट लुकलुकतेय. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला पी०३०२. खरी चोरी पकडायची जागा हीच होती! शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. म्हणजे मिसिंग फक्त दोन नंबरला, आणि पावतीवर कॉईल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग, दर सिलिंडरला एक) चार! प्रत्येकी २,३५० प्रमाणे ९,४००, चार प्लग १,५२०, मजुरी ८००, स्कॅनिंग ५००. गाडी त्यांच्याच रॅम्पवर बंद पडलेली, बाहेर पाऊस. अशा वेळी माणूस पैसे मोजतो, यात मूर्खपणा कसला?

मुळात कॉईल जळलीच नव्हती. प्लग खोल खळग्यात बसतो. प्रेशरचं पाणी कॉईलच्या रबरी सीलमधून आत घुसलं की ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता पाण्यातून हेडकडे, म्हणजे इंजिनच्या धातूकडे पळते. उपाय: कॉईल उचला, खळग्यातलं पाणी हवेने उडवा, बूट (कॉईलचं रबरी टोक) पुसून वाळवा. तरी मिसिंग राहिलं तर दोन नंबरची कॉईल तीनला लावून बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉईल खराब. दोनवरच राहिला तर दोष प्लगमध्ये, वायरिंगमध्ये नाहीतर इंजेक्टरमध्ये. कॉईलसाठी एक दहाचा पाना पुरतो बहुतेक गाड्यांना.

उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी चारही कॉईल काढून दाखवल्या. नवी एकच. बाकी तीन जुन्याच, बुटाच्या आतली स्प्रिंग तांबूस गंजलेली, कडेला पाण्याचा पांढरट डाग. म्हणजे ७,०५० रुपये न दिलेल्या मालाचे! काढलेले पार्ट मागितले तेव्हा ‘भंगारात गेले’ हे उत्तर का मिळालं, ते आता कळलं. बदललेला पार्ट हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि पोलीस? ‘पावती दिलीय ना, मग फसवणूक कसली?’ ‘हे दिवाणी आहे.’ ‘अर्ज ठेवून जा, साहेब बंदोबस्ताला गेलेत.’ अर्जावर पोच मागितली तर शिक्का सापडेना! न दिलेल्या मालाचे पैसे ठरवून उकळणं ही फसवणूक नाही, तर भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशाला घातलंय? लाखांची फसवणूक असेल तरच खुर्चीतून उठायचं, असा काही नियम आहे का? ठाण्याने तक्रार घेतली नाही तर तीच लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, हे तिथे कोणी सांगणार नाही.

वॉश करायचाच असेल तर इंजिन हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या धातूवर गार पाण्याने तडा जाऊ शकतो. निगेटिव्ह काढा, कॉईल आणि उघडे कनेक्टर झाका. पाण्यात मिसळायचा डिग्रीझर (तेलकट मळ काढणारं द्रव) बाटलीवरच्या प्रमाणात, मऊ ब्रश, ओलं फडकं. खरं तर पाण्याच्या धारेची गरजच नसते. धुतल्यावर बॉनेट उघडं ठेवून पूर्ण वाळवा, मगच चावी फिरवा.

फसलेल्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. पावतीसोबत दुसऱ्या मेस्त्रीचं लेखी मत जोडा, त्यात गाडीचा नंबर, किलोमीटर आणि कोणते पार्ट जुने निघाले ते हवं. कॉईलचे फोटो गाडीवर असतानाच काढा. सुटी कॉईल कुठल्या गाडीची, असं समोरचा वकील विचारणारच.