काचेची बाटली, ओपन ई आणि तिसरी तार: अकरा महिन्यांचा वापर

अकरा महिन्यांपूर्वी औषधाच्या बाटलीच्या घाटाची काचेची स्लाइड (बोटात घालून तारांवर सरकवायची नळी) घेतली आणि घरातली जुनी एसजी ही इलेक्ट्रिक गिटार कायमची ओपन ईमध्ये, म्हणजे मोकळ्या तारांतूनच ई मेजर कॉर्ड वाजेल अशा जुळणीत, लावून टाकली. तेव्हापासून रोज अर्धा तास तरी वाजवतोय. सदर्न रॉकमधली, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ब्लूजवर उभ्या रॉकमधली, स्लाइड मनापासून शिकायची असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण माझे पहिले चार महिने भलत्याच गोष्टींत गेले.

आधी बाटलीबद्दल. १९६८ मध्ये, पुढे ऑलमन ब्रदर्स हा बँड काढणाऱ्या गिटारवादक ड्वेन ऑलमनच्या बाविसाव्या वाढदिवसाला धाकट्या भावाने, ग्रेगने, त्याला ताजमहाल या ब्लूज गायकाची पहिली रेकॉर्ड आणि कोरिसिडिन या सर्दीच्या गोळ्यांची बाटली दिली, असं ग्रेगनेच पुढे सांगितलं आहे. त्या रेकॉर्डवरच्या ‘स्टेट्सबरो ब्लूज’मध्ये गिटारवादक जेसी एड डेव्हिसची स्लाइड आहे. ड्वेनने गोळ्या ओतून टाकल्या, बाटली अनामिकेत घातली आणि ते गाणं बसवायला घेतलं. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात ध्वनिमुद्रित झालेला ऑलमन ब्रदर्सचा अल्बम याच गाण्याने उघडतो. गाणं मूळचं जॉर्जियाच्या ब्लाइंड विली मॅक्टेलचं, १९२८ चं. मी राहतो त्या अटलांटाच्या रस्त्यांवर मॅक्टेल गात असे, आणि स्टेट्सबरो गावही याच राज्यातलं. इथे राहून ही स्लाइड ऐकली की ती लांबची वाटत नाही.

माझी पहिली बाटली स्वस्तातली निघाली. तिच्या अंगावर साच्याची उभी रेघ होती. बोटात ती जराशी फिरली की रेघ तारेवर यायची आणि खरखर सुरू. शिवाय आतून इतकी सैल होती की ती पडू नये म्हणून मी बोट वाकवून धरायचो आणि मनगट दुखायचं. महिनाभराने दुसरी घेतली. जाड भिंतीची, गुळगुळीत, अनामिकेच्या मधल्या पेरापर्यंत अडकून बसणारी. घेताना आतला व्यास आधी बघा, आवाजाचा विचार नंतर. पितळेची स्लाइडही वाजवून पाहिली. तिचा आवाज जास्त धारदार आणि तिचं वजन माझ्या हाताला जड. काचेचा आवाज गोल आहे, गळ्याच्या जवळचा. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात बंद बाटलीत घाम साचतो, एवढीच तिच्याविषयी तक्रार. बोट पुसायला सुती फडकं जवळ ठेवतो.

ओपन ई म्हणजे जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. आपल्या भाषेत सा, प, सा, ग, प, सा. नेहमीच्या जुळणीतून इथे येताना पाचवी आणि चौथी तार (क्रमांक बारीक तारेपासून मोजायचे) दोन-दोन अर्धस्वर चढवायची, तिसरी, म्हणजे गंधाराची, एक. मोकळ्या तारा छेडल्या की पूर्ण मेजर कॉर्ड मिळते. पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या पाचव्या पट्टीवर) बाटली आडवी ठेवली की मध्यमावरची, सातव्यावर पंचमावरची, बाराव्यावर पुन्हा षड्जाची. बारा बारच्या (तालाच्या बारा घरांच्या) ब्लूजची सगळी इमारत या तीन-चार जागांवर उभी राहते. तुलनेला ओपन जी घ्या. तिथे जाड तारेपासून प, सा, प, सा, ग, प असं येतं, सर्वांत जाड तार पंचमाची. तोही सुंदर आहे, पण ड्वेनच्या वाटेने जायचं तर षड्ज वर आणि खाली दोन्हीकडे हवा.

तीन तारा चढवल्याने मानेवरचा ताण वाढतो. माझ्या गिटारची मान पहिल्या आठवड्यात पुढे झुकली, ट्रस रॉड (मानेच्या आतली ताण सांभाळणारी सळई) थोडा आवळावा लागला. घोडीही किंचित वर घेतली, नाहीतर बाटली फ्रेटवर आपटते. अकॉस्टिकवर मात्र मी ओपन ई लावणार नाही. त्यावर ओपन डी, म्हणजे हीच जुळणी दोन अर्धस्वर खाली, लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) बसवतो, स्वरांची नाती तीच राहतात आणि गिटार वाचते. एका गिटारवर सतत खुंट्या फिरवत बसणं मी पहिल्या महिन्यातच सोडलं. शक्य असेल तर ओपन ईसाठी एक गिटार वेगळीच ठेवा.

आता मुख्य गोष्ट. माझे मोठे काका मिरजेत राहतात. तरुणपणी ते मांडीवर आडवी ठेवून हवाईयन गिटार वाजवायचे, हातात लोखंडी बार, बहुतेक नाट्यगीतं. स्लाइड घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर त्यांना मोकळ्या तारा ऐकवल्या. ते लगेच म्हणाले, “गंधार चढा आहे रे तुझा.” मी ट्यूनर दाखवला, सुई बरोबर मध्ये. “यंत्राचं राहू दे. खालची जाड तार छेड आणि तिच्यात गंधार ऐक, तंबोऱ्यात ऐकतोस तसा.”

ऐकला. जाड ई तारेच्या झंकारात जो स्वयंभू गंधार उमटतो तो माझ्या तिसऱ्या तारेपेक्षा खरोखर खाली होता. समान विभागणीच्या सप्तकातला गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्धस्वराचा सातवा भाग. बोटाने कॉर्ड धरताना कान तो चालवून घेतो. स्लाइडमध्ये सगळ्या तारा एकाच रेषेत तोडल्या जातात, त्यामुळे मोकळ्या तारांतला दोष प्रत्येक फ्रेटवर तसाच सोबत येतो. आणि तोच गंधार जुळला असेल तर प्रत्येक फ्रेटवरची कॉर्ड तंबोऱ्यासारखी स्थिर होते. मी तिसरी तार हळूहळू उतरवली, लहरींची थरथर थांबेपर्यंत. त्या दिवशी गिटारचा आवाज बदलला.

पूर्ण १४ सेंट मात्र मी आता उतरवत नाही. स्लाइडच्या मागे अधूनमधून बोटाने त्याच तारेवर मध्यम दाबतो, तो मग बेसूर होतो. शिवाय सोबत ऑर्गन असेल तर त्याचा गंधार ठरलेला असतो. सहा-सात सेंटवर थांबतो. एकट्याने वाजवताना आणखी खाली.

काकांनी दुसरीही गोष्ट सांगितली: “स्वरावर वरून उडी मारू नकोस. खालून ये आणि आलास की थांब.” आपल्याला मींड ऐकून माहीत आहे, तरी हातात यायला सहा महिने लागले. बाटली फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर हवी, मागे नाही. दाब अगदी कमी. तर्जनी आणि मधलं बोट बाटलीमागे तारांवर हलकं टेकलेलं, नाहीतर मागच्या बाजूची तार भुतासारखी कुजबुजते. उजव्या हाताने नको त्या तारा दाबून ठेवायच्या. पिक (तार छेडायची पत्री) सोडून बोटांनी वाजवायला लागलो तेव्हाच हे जमलं. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधली जी जागा ब्लूजमध्ये लागते, ती या शांततेशिवाय ऐकूच येत नाही.

डेरेक ट्रक्स हे सगळं ज्या पातळीवर करतो ते ऐकण्यासारखं आहे. १९७९ चा जन्म, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा, ऑलमन ब्रदर्सचा ड्रमर बुच ट्रक्सचा पुतण्या. ओपन ई, एसजी, पिक नाही. उस्ताद अली अकबर खाँच्या सरोदचा आपल्यावर प्रभाव आहे हे तो उघड सांगतो, आणि त्याच्या मींडेत ते कळतं. काकांना त्याचं वादन ऐकवलं तर त्यांनी दोनदा मागे नेऊन ऐकलं.

ओपन जुळणीशिवाय चालतच नाही असं मात्र नाही. लिनर्ड स्किनर्ड या बँडच्या ‘फ्री बर्ड’मधली गॅरी रॉसिंग्टनची स्लाइड नेहमीच्याच जुळणीतली आहे. उलट ड्वेनच्या ‘लिटल मार्था’त ओपन ई आहे आणि स्लाइड अजिबात नाही, नुसती बोटं. गेले सहा आठवडे मी तेच बसवतोय. बाटली टेबलावर, आणि तिसरी तार यासाठी पुन्हा थोडी वर घेतली आहे, कारण इथे बोटांनी दाबलेले स्वर जास्त आहेत.