फेरेटचं निदान पटत नाही: साताऱ्यातच पुन्हा विचारायचं, की शिरवळ-पुणे गाठायचं?

साताऱ्यातल्या बहुतेक पशुवैद्यांचा दिवस गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांत जातो. त्यांच्या टेबलावर फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा मांसाहारी पाळीव प्राणी, क्वचितच येतो, आणि आला की वेटिंगमधले निम्मे लोक मुंगूस समजून बघायला उठतात. त्यामुळे ‘अशक्तपणा आहे, कॅल्शियम देऊ’ हे ऐकून घरी आल्यावर शंका राहिली, तर त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. ती शंका घेऊन त्यांच्याकडेच परत जायचं की गाडी काढायची, एवढंच ठरवायचं असतं. माझा कौल बहुतेक वेळा आधी त्यांच्याकडेच जाण्याचा आहे. फक्त जाताना एक नेमकी मागणी घेऊन जा.

मागचे पाय ओढत असेल तर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कुत्री तपासायची सवय असलेल्या डॉक्टरांना आधी मणका आठवतो. फेरेटमध्ये मात्र मागच्या पायातली ताकद जाणं हे कशाचंही लक्षण असू शकतं: साखर उतरणं, हृदयाचा त्रास, रक्त कमी होणं, आणि हो, मणकासुद्धा. तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये इन्सुलिनोमा बराच आढळतो, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची गाठ. असा फेरेट मधेच शून्यात बघत बसतो, लाळ गाळतो, पंजाने तोंड खाजवतो आणि खाल्लं की थोड्या वेळाने पुन्हा धावायला लागतो. ही खूण दिसली तर कॅल्शियमवर थांबू नका.

यासाठी पुण्याला जायची गरज नाही. उपाशीपोटी रक्तातली साखर साताऱ्यातही तपासून मिळते. निरोगी फेरेटची साखर साधारण 90 ते 120 mg/dL असते. 60च्या खाली आली आणि लक्षणं जुळली, तर संशय पक्का व्हायला लागतो. पण ‘रात्रभर उपाशी ठेवा’ असं सांगितलं तर तिथेच थांबवा. फेरेटच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पुढे सरकतं, त्यामुळे तेवढाच उपास पुरे, तोही कुणीतरी नजर ठेवून. माणसांचं ग्लुकोमीटर फेरेटच्या रक्तात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, म्हणून शेवटचा शब्द लॅबचा. आणि हे सगळं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू करण्याआधी. ते गोळीनंतर साखर चढवतं, मग रिपोर्ट छान येतो आणि आजार आत तसाच राहतो.

तो कोलमडलाच तर हिरड्यांना थोडा मध चोळा, सावध झाला की मांसाचं खाणं द्या आणि तसेच दवाखान्यात न्या. रोज गोड चारत राहिलात तर इन्सुलिन आणखी सुटतं आणि साखर पुन्हा कोसळते.

इतर निदानं, कुठे अडायचं

‘डिस्टेंपर (कुत्र्यांनाही होणारा विषाणूचा रोग) आहे, वाचणार नाही’ हे वाक्य सगळ्यात जड. खरं असेल तर ते खरंच आहे, कारण फेरेटमध्ये हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पण त्यात सहसा डोळ्या-नाकातून चिकट स्राव येतो, हनुवटीवर लालसर पुरळ उठतं, पंजांचे तळवे जाड होतात. यातलं काहीच नसेल, घरात कुणाला फ्लू झालेला असेल आणि फेरेट शिंकत असला तरी खात असेल, तर माणसाकडून लागलेला फ्लू असण्याची शक्यता मोठी. दयामरणाचा विषय निघाला असेल तर दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

सोनोग्राफीत ‘प्लीहा वाढलीय, गाठ असावी’ असं आलं तर घाबरू नका. वयस्क फेरेटमध्ये प्लीहा मोठी दिसणं नेहमीचं आहे आणि बहुतेकदा ती कॅन्सरमुळे वाढलेली नसते. इथे मात्र फेरेट पाहिलेली नजर हवी, म्हणून पुणे.

शेपटीपासून केस गळत असतील तर त्वचेच्या मलमात महिने घालवण्यापेक्षा अॅड्रिनल ग्रंथीचं (मूत्रपिंडाजवळची हॉर्मोन बनवणारी ग्रंथी) विचारा. नसबंदी झालेल्या मादीचं योनिमुख सुजलं तरी हाच संशय. नसबंदी न झालेल्या मादीत ती सूज माजाची असते, पण माज लांबला तर अस्थिमज्जा रक्त बनवणं थांबवू शकते, त्यामुळे ‘होईल आपोआप बरं’ चालत नाही.

शिरवळ की पुणे

शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यातच आहे. खंबाटकीचा बोगदा ओलांडला की फार लांब नाही. तिथे वेगवेगळ्या विभागांचे प्राध्यापक एका आवारात भेटतात, एक्स-रे किंवा रक्ताबद्दल शंका असेल तर उपयोग होतो. फेरेटचा अनुभव असणारं कुणी त्या दिवशी आहे का, हे आधी फोनवर विचारून घ्या. पुण्यात पक्षी, ससे, फेरेट बघणारे डॉक्टर सापडतात. खर्च आणि दिवस दोन्ही जातात, पण ऑपरेशन किंवा अॅड्रिनलच्या आजारासाठी कातडीखाली बसवायचं डेस्लोरेलिन हे हॉर्मोनचं इम्प्लांट अशा गोष्टी तिथेच विचारलेल्या बऱ्या. सांगलीकरांना हा प्रवास दुप्पट पडतो. त्यांनी आधी रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवून, ‘प्राण्याला आणायलाच हवं का’ हे विचारून घ्यावं. चालण्याचा आणि झटक्याचा व्हिडिओ सोबत द्या. टेबलावर फेरेट भेदरून बसतो, काही दाखवत नाही.

उन्हाळ्यात हा हिशोब बदलतो. तिशीच्या वर पारा गेला की फेरेटला उष्माघाताचा धोका असतो. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या गाडीतून दुपारी पुणे गाठण्यापेक्षा चार दिवस स्थानिक उपचार बरे. जायचंच तर पहाटे निघा.

दोन प्रसंगी मात्र तुलना करत बसायचं नाही: नर लघवीसाठी कुंथतोय पण थेंब येत नाही, किंवा रबर चावायची सवय असलेला फेरेट खाणं सोडून मलूल पडलाय (आतड्यात तुकडा अडकलेला असू शकतो). जवळचा जो दवाखाना उघडा असेल तो गाठा. घरची पॅरासिटामॉल तर अजिबात नको, ती फेरेटला विषारी आहे.

बाहेर दाखवायचं ठरलं तरी साताऱ्याच्या डॉक्टरांना न सांगता जाऊ नका. रात्री-अपरात्री दार त्यांचंच वाजवायचंय. ‘डॉक्टर, पुण्यात एकदा दाखवून येतो, रक्ताचा रिपोर्ट आणि दिलेल्या औषधांची नावं-मात्रा लिहून द्याल का?’ एवढं म्हटलं की बहुतेक जण कागद पुढे ओढतात, आणि काही जण तिथल्या डॉक्टरांशी स्वतःच फोनवर बोलतात.