औंधचं भवानी म्युझियम आणि आमचा घरचा रविवर्मा
रविवारी साताऱ्याहून औंधला गेलो, यमाई देवीच्या मूळपीठाचा डोंगर चढताना जीव निघाला पण एकदम वसूल. 1938 सालचं, औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं म्युझियम, रविवर्म्याची अस्सल ऑइल पेंटिंग्ज आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई-बाळाचं शिल्प, तेही आपल्या खटाव तालुक्यात! आमच्याकडं आजोबांचा एक 'रविवर्मा' आहे, म्युझियमला दान द्यायचा का विकायचा यावरून घरात नुसती भांडणं, एका डीलरनं तर लाखांत किंमत सांगितलेली. इथं कॅनव्हासवरचे ब्रशचे फटकारे जवळनं बघितले, घरी येऊन आमच्या चित्राला भिंग लावलं तर सगळे छपाईचे ठिपकेच ओ! म्हणजे 1894 ला सुरू झालेल्या रविवर्म्याच्या प्रेसच्या प्रिंटसारखा ओलिओग्राफ, ऑइल पेंटिंगसारखी दिसणारी छापील प्रत. काका अजून बोलत नाहीत माझ्याशी. जाताना पाण्याची बाटली घ्या, ऊन लय लागतं.